साठ अ‍ॅम्प्लिफायरची डबी

माझी बायको विजेची गिटार वाजवते. हे सांगितलं की समोरचा माणूस थोडा थांबतो आणि मग ती काम काय करते असं विचारतो. ती बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. नाव शालू, वय एकोणपन्नास. मी देवमन जामनिक. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात ज्वारीच्या प्रयोगाच्या शेतावर सहायक आहे. मला संगीतातलं काही कळत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझ्या कानांवर कोणी विसंबणार नाही.

शालूचे वडील श्रावण खंडारे दिवसा जिनिंगमध्ये कामाला होते आणि संध्याकाळी त्यांची गायन पार्टी असायची. हार्मोनियम, ढोलक, बेंजो आणि चार गळे. १९९१ साली बाबासाहेबांची जन्मशताब्दी आली तेव्हा अकोल्यातल्या प्रत्येक पार्टीने काहीतरी नवीन आणलं. कोणी ड्रमसेट आणला, कोणी नागपूरची गायिका आणली. माझ्या सासऱ्यांनी कलकत्त्याची लाल गिटार आणली आणि मूर्तिजापूरचा एक वाजवणारा आणला. चौदा एप्रिलला आठ दिवस राहिले आणि तो माणूस एका ऑर्केस्ट्राबरोबर सुरतला निघून गेला. गिटार मात्र ठेवून गेला, कारण ती त्याची नव्हती.

शालू तेव्हा पंधरा वर्षांची होती. चार महिने तो माणूस चहाला गेला की ती गिटार घेऊन बसायची. तो दिवसातून सहा-सात वेळा चहाला जायचा. त्यामुळे तिचं शिक्षण बरं झालं होतं. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिला स्टेजवर उभं केलं. पहिल्या दोन गाण्यांपर्यंत लोक गप्प बसून पाहत होते. तिसऱ्या गाण्याला दोन जण उठले आणि खरा वाजवणारा पडद्यामागे बसवलाय का ते पाहून आले. पडद्यामागे पाण्याचा ड्रम होता. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गिटारचा आवाज ज्यातून निघायचा तो अ‍ॅम्प्लिफायर अमरावतीच्या खुशालराव वाकोड्यांनी बनवला होता. राजापेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बंद पडलेल्या एका टुरिंग टॉकीजचं सामान त्यांच्याकडे आलं होतं. त्यातला ट्रान्सफॉर्मर, त्यातलाच स्पीकर आणि चार काचेचे व्हॉल्व्ह घेऊन त्यांनी सागाच्या पेटीत ते बसवलं. पुढे पिवळ्या रंगाने स्वतः लिहिलं, ‘खुशाल साउंड’. पेटीचं वजन बत्तीस किलो. हे मला पक्कं माहीत आहे, कारण आमचं लग्न ठरल्यानंतर ती उचलायचं काम माझ्याकडे आलं आणि एकदा मी ती विद्यापीठाच्या काट्यावर ठेवून पाहिली. चालू केल्यावर आवाज यायला अर्धं मिनिट लागायचं. आधी व्हॉल्व्ह लाल व्हायचे, मग गरम धुळीचा वास यायचा, मग पेटी एका सुरात गुणगुणायला लागायची. माईकही त्याच पेटीला जोडलेला असायचा आणि गाताना ओठ त्याला लागले की झटका बसायचा. पार्टीतले लोक त्यामुळे माईकपासून चार बोटं दूर उभे राहून गायचे आणि बाहेरचे लोक त्याला त्यांची शैली समजायचे.

शालूने तेरा वर्षं त्या पेटीवर वाजवलं. मध्ये नर्सिंगचा कोर्स झाला, नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी पौर्णिमा झाली. २००४ मध्ये एका गावात मांडववाल्याने वीज चुकीची जोडली आणि ट्रान्सफॉर्मर जळाला. मी पेटी अमरावतीला नेऊन खुशालरावांच्या दुकानात ठेवली. ते म्हणाले, “महिन्याभरात करून ठेवतो.” त्याच वर्षी मामांचा दम वाढला आणि पार्टी बंद झाली. पेटीचं विचारायला कोणी गेलं नाही, त्यांनीही कळवलं नाही. गिटार जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर गेली. मामा २०१२ मध्ये गेले.

तीन वर्षांपूर्वी पौर्णिमा शिकायला पुण्याला गेली आणि तिची खोली रिकामी झाली. पहिल्याच रविवारी शालूने स्टुलावर चढून गिटार काढली, तारा बदलल्या आणि वाजवून पाहिली. अ‍ॅम्पशिवाय विजेची गिटार म्हणजे मच्छरदाणीची दोरी छेडल्यासारखा आवाज येतो. ती आठवडाभर तसंच वाजवत राहिली. मग तिने फोनवर शोधाशोध केली आणि एक डबी मागवली.

डबी उपकेंद्राच्या पत्त्यावर आली. तिथल्या आशा कार्यकर्त्या शकुनताईंनी खोकं उघडताना पाहिलं आणि त्या म्हणाल्या, “सिस्टर, हे नवं बीपीचं मशीन हाय का?”

शालू म्हणाली, “नाही. गिटारचं हाय.”

शकुनताईंनी थोडा विचार केला. “मंग याच्यात आपली माहिती भरा लागत नाही ना?”

“नाही.”

“तं चांगलं हाय,” त्या म्हणाल्या.

डबी काळी, दोन तळहातांएवढी. एका बाजूने गिटारची वायर घालायची, दुसऱ्या बाजूने हेडफोन. आत साठ अ‍ॅम्प्लिफायर आहेत. म्हणजे खरे नाहीत. जगातले नावाजलेले अ‍ॅम्प्लिफायर कसे वाजतात याचं गणित कोणीतरी मांडलं आहे आणि डबी ते गणित करून तसा आवाज काढते. छोट्या पडद्यावर त्या अ‍ॅम्पचं चित्र येतं. कायद्याची अडचण असावी म्हणून नावं जराशी बदललेली आहेत, लग्नपत्रिकेत पाहुण्यांची नावं चुकतात तशी. हे आवाज किती खरे यावर फोनवर जगभरचे लोक भांडत होते. निम्मे म्हणत होते हुबेहूब, निम्मे म्हणत होते प्लास्टिक. शालूने त्या साठांपैकी एकही अ‍ॅम्प्लिफायर जन्मात पाहिला नव्हता, त्यामुळे तिला दोन्ही बाजूंचं पटलं.

पहिल्या संध्याकाळी ती दीड तास वाजवत होती. मला बाहेरून फक्त तारांची टिकटिक ऐकू येत होती. मी दारातून पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा जसा दिसत होता तसा आमच्या लग्नाच्या एकाही फोटोत नाही. हेडफोन काढल्यावर मी विचारलं, “कसं आहे?”

“खोटं हाय,” ती म्हणाली.

“मग परत करायची?”

“काहून?”

“खोटं आहे म्हणालीस.”

“खोटं हाय हे समजते. मजा येते हे पण समजते. दोन अलग गोष्टी हायेत. तुमी कुकर लावला का?”

मी कुकर लावला. तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसहाला तोच क्रम. डबीत आवाजाला वेगवेगळ्या जागांचा घुमारा देता येतो, त्यात एक युरोपातलं मोठं चर्च होतं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दहा बाय दहाच्या खोलीत ते चर्च रोज तासभर असायचं आणि त्यात मामांच्या पार्टीच्या चाली वाजायच्या. शेजारच्यांची कधी तक्रार आली नाही. त्यांना वाटायचं ती दारं लावून ऑनलाइन मीटिंगला बसते. सरकारी कर्मचाऱ्यांबद्दल आदर वाढला तो वेगळाच.

दोन-तीन महिन्यांनी तिने एक वेगळंच काम काढलं. जगातले साठ अ‍ॅम्प तिला आवडले होते, पण खरा म्हणून तिला एकच माहीत होता, तो खुशालरावांचा. तो डबीत नव्हता. साहजिकच होतं. म्हणून तिने तो डबीत तयार करायला घेतला. एका विलायती अ‍ॅम्पपासून सुरुवात केली, कारण तो त्यातल्या त्यात जवळचा वाटत होता. मग खर्ज वाढव, वरचा सूर कमी कर, स्पीकर बदल, असं करत गेली. एका जुन्या डायरीत प्रत्येक बदल लिहायची. गुणगुण येत नव्हती तर ती कमी-जास्त करायची चावी शोधून काढली आणि तीही वाढवली. नव्या कोऱ्या वस्तूत मुद्दाम बिघाड घालून घेणारी मी पाहिलेली ती पहिलीच व्यक्ती.

आठ महिने लागले. एका सकाळी मी ज्वारीची नोंदवही भरत बसलो होतो, तेव्हा ती हेडफोन हातात घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, “झाला. जवळपास झाला. काकाले दाखवू.”

खुशालराव जिवंत आहेत का हेही आम्हाला माहीत नव्हतं. अमरावतीच्या एका ओळखीच्यांना फोन केला. ते म्हणाले, दुकान बंद झालं, पण माणूस ठणठणीत आहे, फक्त ऐकू कमी येतं. रविवारी आम्ही गाडीने बडनेऱ्याला उतरलो, तिथून ऑटो केली. खुशालराव दारातच बसले होते. एकोणऐंशी वर्षांचे, डाव्या कानात मशीन. शालूने “जय भीम काका” म्हटलं. त्यांनी “जय भीम” म्हटलं, तिच्याकडे नीट पाहिलं आणि दुसरं वाक्य बोलले ते असं, “शालू, तुही पेटी अजून झाली नाही वं.”

वीस वर्षं झाली होती. शालू म्हणाली, “घाई नाही काका.”

पेटी आतल्या खोलीत होती. तिच्यावर लोणच्याच्या बरण्या होत्या. खुशालरावांच्या पत्नी पार्वताबाईंनी चहा केला. चहा झाल्यावर शालूने डबी काढली. खुशालरावांच्या घरात अजूनही चार-पाच स्पीकर आणि एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर पडून होता. त्यांनी स्वतः जोडणी केली. शालूने तिचा आवाज लावला आणि मामांच्या एका गाण्याची सुरुवात वाजवली.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “हे काय हाय?”

“तुमचा अ‍ॅम्प हाय काका. याच्यात बनवला मी.”

“माया नाही हा.”

“जवळपास?”

“बहिऱ्याले विचारशीन तं तोही नाही म्हणीन,” ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. “एक महिना दे मले. असली काय असते ते दाखवतो.”

अशा रीतीने वीस वर्षं राहिलेलं काम सुरू झालं. जळालेला ट्रान्सफॉर्मर नव्याने भरायला त्यांनी बाहेर दिला नाही. तांब्याची तार आणली आणि हाताने गुंडाळायला बसले. त्यांचं सगळं लक्ष तार घट्ट बसवण्यात असल्यामुळे फेरे मोजायचं काम पार्वताबाईंकडे आलं. पहिल्या दिवशी आठशे चाळिसाव्या फेऱ्याला दूधवाला आला आणि मोजणी हुकली. सगळी तार सोडून पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी त्यांनी दूधवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. हे सगळं पार्वताबाईंनी शालूला फोनवर सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, “पोरी, तू आली काहून वं?” पण त्या हसत होत्या असं शालू म्हणते.

महिन्याचे सव्वादोन महिने झाले. बोलावणं आलं तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. पेटी पुसून पुढच्या खोलीत ठेवली होती. पिवळी अक्षरंही नव्याने काढली होती. व्हॉल्व्ह लाल झाले, धुळीचा वास आला, गुणगुण सुरू झाली. शालूने एक तार छेडली आणि थांबली. मग पंधरा मिनिटं वाजवत राहिली. पार्वताबाई कणीक मळता मळता दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“आता सांग,” खुशालराव म्हणाले.

“हा भारी हाय,” शालू म्हणाली.

“मंग ती डबी?”

“ते पण चांगली हाय.”

हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी परीक्षा घ्यायचं ठरवलं, आणि परीक्षा शालूची नाही, स्वतःची. ते भिंतीकडे तोंड करून बसणार, शालू वाजवणार, आणि आवाज पेटीतून येतो की डबीतून ते ते ओळखणार. डबीलाही पेटीसारखाच स्पीकर जोडला. वायर कोणत्या यंत्राला लावायची हे माझ्याकडे दिलं. मी शेतावरच्या प्रयोगात कोणत्या वाफ्यात कोणतं वाण पेरायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवतो. इथेही तेच केलं. वीस चिठ्ठ्या, दहावर ‘पे’, दहावर ‘ड’. पेटी पूर्ण वेळ चालू ठेवली, म्हणजे गुणगुणीवरून ओळखता येऊ नये. खुशालरावांनी कानातल्या मशीनची बॅटरी बदलली आणि खुर्ची वळवली.

मला स्वतःला दोन्ही सारखेच वाटत होते. चिठ्ठी माझ्याच हातात असूनही.

वीसपैकी एकोणीस बरोबर आले. उरलेली एक चूक त्यांनी मान्य केली नाही, कारण त्या वेळी पार्वताबाईंनी मिक्सर लावला होता. मी नोंदवहीत ‘एकोणीस’ लिहिलं आणि बाजूला ‘मिक्सर’ असा शेरा लिहिला.

“कसं ओयखलं काका?” शालूने विचारलं.

“जोरात तार मारली का माया अ‍ॅम्प जरासा खाली बसते, मंग उठते. दम लागते त्याले. तुह्या डबीले दमच लागत नाही. ते बसल्यासारखं करते, पण बसत नाही.”

शालूने मान हलवली. “बरोबर हाय. मले बोटाले समजते ते. पयल्या दिवसापासून समजते.”

“मंग काहून वाजवतं?”

“संध्याकाई साडेसहाले वाजवता येते म्हणून. तिसरा मजला हाय. बत्तीस किलोचा अ‍ॅम्प यायनं किती वेळा चढवा?” तिने माझ्याकडे बोट दाखवलं. “अन् मजा येते काका. समजते खोटं हाय, तरी येते.”

खुशालरावांची बाजू पूर्णपणे जिंकली होती आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता. मग त्यांनी डबी उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि पडद्यावरचं चित्र पाहिलं. बटण दाबलं, दुसरं चित्र आलं. तिसरं आलं. चौथ्यावर थांबले.

“हा कोणता हाय?”

शालूने बदललेलं विलायती नाव वाचून दाखवलं.

“नाव नको सांगू. चाव्या पाय. खर्जाची चावी, मधली, वरची, अन् ही अलग चावी मांगून. दोन छेदं हायेत पुढं. हा तोच हाय.” त्यांचा आवाज बदलला होता. “हा मी बनवला. तुहाच तो.”

मग त्यांनी आत जाऊन एक वही आणली. तिच्यात जुन्या इंग्रजी मासिकांतली कात्रणं चिकटवलेली होती. सर्किटांचे नकाशे. सत्तरच्या दशकात मुंबईहून येणाऱ्या रद्दीतून त्यांनी ते जमवले होते. जवळजवळ तीस अ‍ॅम्प्लिफायरचे नकाशे त्यांना पाठ होते. त्यातला एकही त्यांनी कधी ऐकला नव्हता. अमरावतीत तो ऐकायला मिळायची सोय नव्हती. नकाशा पाहून, मिळतील ते व्हॉल्व्ह आणि टॉकीजचं सामान घालून ते बनवायचे आणि विलायतेतला असाच वाजत असेल असं धरून चालायचे.

“हे ऐकव,” ते म्हणाले.

“काका, खोटं हाय ते,” शालू म्हणाली. मला वाटतं ती चिडवत होती, पण तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

“खोटं तं खोटं. ऐकव.”

स्पीकरवर त्यांना नीट कळेना. तेव्हा त्यांनी कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं, शालूचा हेडफोन घातला आणि आवाज वाढवायला लावला. इतका, की मला चार हातांवर ऐकू येत होता. शालू वाजवत राहिली. ते एकेक चित्र लावत गेले. प्रत्येक चित्राला वहीतलं पान काढायचे, बोट ठेवायचे, ऐकायचे. मध्येच ओरडून बोलायचे, कारण हेडफोन घातलेला माणूस ओरडतो. “हे असं वाजते होय!” एकदा म्हणाले, “हे चुकलं त्यायचं, ट्रान्सफॉर्मर लहान धरला.” एकदा नुसतं पान धरून बसले. एक तास गेला. पार्वताबाई पाटोडीचा रस्सा झाला म्हणून सांगून गेल्या, पुन्हा सांगून गेल्या.

मग ते परत चौथ्या चित्रावर आले, स्वतः बनवलेल्या अ‍ॅम्पवर. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“याचा खर्ज एवढा कमी काहून? माया तं लय भारी निघते.”

“म्हणूनच मी खर्ज वाढवला ना,” शालू म्हणाली. “तुमचा आवाज आणासाठी.”

त्यांनी हेडफोन उतरवून मशीन घातलं, वहीतलं पान खिडकीपाशी नेलं, भिंग लावलं आणि पाहत राहिले. मला बोलावलं. एका कंडेन्सरशेजारी आकडा छापलेला होता. पॉइंट दोन दोन. पण पॉइंट आणि दोन यांच्यामध्ये एक फिकट डाग होता. शालूने फोनवर त्याच अ‍ॅम्पचा नकाशा शोधला. तिथे पॉइंट शून्य दोन दोन होतं. छपाईत शून्य उडालं होतं. खुशालरावांनी १९९१ साली दहापट मोठा कंडेन्सर बसवला होता आणि त्यातून तो जाड, छातीत भरणारा खर्ज आला होता. तोच आवाज मामांच्या पार्टीची ओळख म्हणून तीन जिल्ह्यांत प्रसिद्ध होता.

म्हणजे शालू आठ महिने ज्याची नक्कल करत होती ती स्वतःच एक नक्कल होती, तीही चुकलेली, आणि ज्याने केली त्याने मूळ वस्तू ऐकलेली नव्हती. हे मी मोठ्याने म्हणालो नाही. दुसऱ्याच्या घरी होतो.

खुशालराव उठले. त्यांनी डाग देण्याची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची, तापायला लावली आणि खणातून एक कंडेन्सर शोधून काढला.

“काय करून राहिले काका?”

“बदलतो. पाच मिनटाचं काम हाय.”

“हात लावू नका,” शालू म्हणाली.

“चूक हाय ते.”

“असू द्या.”

“अवं, तेहतीस वर्सांपासून चुकीचाच हाय तो.”

“माया कानात बी तेहतीस वर्सांपासून तोच हाय. बाबा त्याच्यावरच गायले. तुमी बदलला तं मले कोठी भेटन तो?”

“तुह्या डबीत भेटन ना,” ते म्हणाले. “तू तं बनवला त्यात.”

“त्यातला खोटा हाय. तुमीच म्हणता.”

इस्त्रीच्या टोकातून धूर निघत होता. खुशालराव ती हातात धरून पेटीसमोर उभे राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी चुकलेलं काम तसंच ठेवून दिल्याचं बहुधा एकदाही झालं नसेल. पेटी तशी त्यांच्याकडेच वीस वर्षं होती, पण ती त्यांची नव्हती. शेवटी त्यांनी इस्त्रीची पिन काढली आणि कंडेन्सर शालूच्या हातात दिला.

“ठेव तुह्यापाशी. मन बदललं तं ये.”

पार्वताबाई म्हणाल्या, “आता तरी जेवा.” आम्ही जेवलो. रस्सा झणझणीत होता. खुशालराव जेवताना मशीन बंद करून बसले होते आणि कोणाचं काही ऐकत नव्हते. ते मधूनच हसत होते.

यंदाच्या चौदा एप्रिलला आमच्याच भागातल्या समितीने शालूला वाजवायला सांगितलं. गाणारे नवे होते, चाली जुन्या. पेटी खुशालरावांकडेच होती, पण ती आणायची की डबी न्यायची यावर घरात चर्चा झाली नाही. तिने डबी पिशवीत घातली. माझ्या पाठीच्या वतीने मला बरं वाटलं. साउंडवाल्याने विचारलं, “मॅडम, अ‍ॅम्प?” तिने डबी दाखवली. तो म्हणाला, “हां, हे सोयीचं आहे,” आणि वायर जोडून निघून गेला. खुशालराव आणि पार्वताबाई दुपारच्या गाडीने आले होते. ते पहिल्या रांगेत, उजव्या स्पीकरच्या अगदी समोर बसले. तिथे बसू नका म्हणून तीन जणांनी सांगितलं, पण त्यांना ऐकू आलं नाही.

शालूने दोन गाणी विलायती अ‍ॅम्पवर वाजवली, एक त्या चर्चमध्ये, आणि मामांचं गाणं खुशालरावांच्या चुकलेल्या खर्जावर. लोकांनी चारही गाण्यांना सारख्याच टाळ्या वाजवल्या. मामांच्या वेळची एक म्हातारी बाई नंतर पुढे आली, शालूच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, “तुया बापाच्या टायमाले आवाज याहून भारी होता.”

“हो आजी,” शालू म्हणाली. “होताच.”

समितीने खुशालरावांचा शाल देऊन सत्कार केला. सूत्रसंचालकाने त्यांना ध्वनितज्ज्ञ म्हटलं आणि आजच्या आवाजाबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं. ते माईकपासून चार बोटं दूर उभे राहिले. म्हणाले, “आवाज नकली होता. वाजवणं असली होतं. मले दोन्हीचा मजा आला.” आणि बसले.

मे महिन्यात त्यांनी स्वतःसाठी तशीच डबी मागवली. त्यांना गिटार वाजवता येत नाही. पण त्या डबीत एकदा वाजवलेलं साठवून ठेवायची सोय आहे. शालू महिन्यातून एकदा जाते, अर्धा तास पेटीवर वाजवते, मग त्यांच्या डबीत दहा मिनिटांचं वाजवून ठेवून येते. उरलेला महिना ते हेडफोन लावून तीच दहा मिनिटं साठ अ‍ॅम्पमधून फिरवतात. वहीतल्या प्रत्येक नकाशासमोर त्यांनी आता शेरे लिहिलेत. ‘ऐकला. बरा.’ ‘ऐकला. खोटा वाटते.’ ‘ऐकला. लय खोटा, तरी चांगला.’ दर चार-पाच दिवसांनी सकाळी सातला शालूला फोन येतो आणि ते ओरडून काहीतरी सांगतात. ती गॅसपाशी उभी राहून हो काका, हो काका म्हणते आणि डायरीत लिहून घेते.

परवा फोन पार्वताबाईंचा होता. आता खुशालरावांना तीन वेळा हाका माराव्या लागतात, एवढीच तक्रार होती. आधी दोनदा माराव्या लागायच्या.